गेलेल्या नोकऱ्यांची नोंदवही

डब्लिन शहराच्या दक्षिणेला लॉफलिन्सटाउन नावाचा भाग आहे. तिथे युरोपीय संघाची एक लहानशी संस्था काम करते. तिचं अधिकृत नाव लांबलचक असल्यामुळे सगळे तिला ‘युरोफाउंड’ म्हणतात. ही संस्था २००२पासून एक नोंदवही ठेवते आहे. संघाच्या प्रत्येक देशात तिचे वार्ताहर आहेत. ते आपापल्या भाषेतली वर्तमानपत्रं आणि व्यापारी बातम्या रोज चाळतात. एखादी कंपनी मोठ्या प्रमाणावर माणसं कमी करणार किंवा नव्याने भरणार असं जाहीर झालं, की त्याची नोंद होते: कंपनी कोणती, गाव कोणतं, नोकऱ्या किती, कारण काय, घोषणा कधी झाली आणि अंमल कधीपासून.

नोंद कशाची करायची याचा नियमही ठरलेला आहे. किमान १०० नोकऱ्या जाणार किंवा येणार असतील, किंवा २५०हून अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी निदान दहा टक्क्यांना झळ पोचणार असेल, तर ती घटना वहीत येते. कारणांचे रकाने वेगळे आहेत: दिवाळं किंवा कायमची बंदी, अंतर्गत फेररचना, काम परदेशी नेणं, त्याच देशात दुसरीकडे हलवणं, विलीनीकरण, बाहेरच्या कंत्राटदाराकडे सोपवणं, विस्तार. या वहीचं नाव ‘युरोपियन रीस्ट्रक्चरिंग मॉनिटर’. ती कुणालाही मोफत पाहता येते.

आर्थिक उलथापालथीत नोकऱ्यांचं काय होतं यावर नजर ठेवायची ही युरोपची आजची पद्धत. ती कुणा एका अर्थतज्ज्ञाला एका बैठकीत सुचलेली नाही. तिचा एकेक रकाना कुठून आला हे शोधत मागे गेलं, तर जवळजवळ प्रत्येक वेळी एखादी खाण, गिरणी किंवा कारखाना भेटतो, ज्याचं दार एके दिवशी बंद झालं. मोजणी नेहमी आघातानंतर आली. आणि ती माणसांच्या कामी आली ती फक्त तेव्हा, जेव्हा आकड्यामुळे कुणाला तरी काही तरी करणं भाग पडलं. हा धागा धरूनच मागे जाऊ.

युनियनच्या पेटीतला आकडा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या सरकारांना आपल्या देशात किती हात रिकामे आहेत हे ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं कामगार संघटनांना, कारण त्या आपल्या बेकार सभासदांना पेटीतून भत्ता देत. भत्ता द्यायचा तर हिशेब ठेवावा लागतो. ब्रिटनच्या व्यापार मंडळाने १८९३मध्ये मजूर विभाग उभारला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू केलं. त्यात छापली जाणारी बेकारीची टक्केवारी याच संघटनांच्या हिशेबातून येत असे. म्हणजे मोजले जात ते बहुतांशी कसबी कारागीर: लोहार, जोडारी, जहाजबांधणीचे कामगार, छापखान्यातले जुळारी. गोदीवर सकाळी उभं राहून आजचं काम आज मिळवणारे हमाल, घरकाम करणाऱ्या बायका, शिवणकामाच्या कोंदट खोल्यांतल्या मुली यांची संघटना नव्हती, म्हणून त्यांची बेकारीही आकड्यात नव्हती.

बेल्जियमच्या गेंट शहराने १९०१मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. लुई व्हार्ले या वकिलाच्या पुढाकाराने नगरपालिकेने संघटनांच्या भत्त्यात स्वतःची भर घालायला सुरुवात केली. संघटनेने बेकार सभासदाला जे द्यायचं, त्यावर पालिकेकडून पूरक रक्कम. या पद्धतीला आजही ‘गेंट पद्धत’ म्हणतात आणि उत्तर युरोपातल्या काही देशांत तिचे वंशज जिवंत आहेत. पालिकेचा पैसा आला तशी मोजणी ही सार्वजनिक बाब झाली.

ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज या तरुण अभ्यासकाने १९०९मध्ये बेकारीवर पुस्तक लिहिलं. बेकारी हा माणसाच्या स्वभावाचा दोष नसून उद्योगाच्या रचनेतला प्रश्न आहे, हा त्याचा मुख्य मुद्दा. त्याच वर्षी कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १९१० रोजी सरकारी रोजगार कार्यालयं उघडली. पाठोपाठ १९११मध्ये विम्याचा कायदा आला. आता बेकाराला भत्त्यासाठी कार्यालयात जाऊन सही करावी लागणार होती, आणि त्या सह्यांची बेरीज हा सरकारचा आकडा होणार होता.

पहिल्या महायुद्धानंतर ही गोष्ट एका देशापुरती राहिली नाही. ऑक्टोबर १९१९मध्ये वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली. तिथे संमत झालेला दुसराच करार बेकारीविषयी होता आणि त्याचं पहिलंच कलम माहितीविषयी. प्रत्येक सभासद देशाने बेकारीची उपलब्ध माहिती शक्य तितक्या लवकर, निदान दर तीन महिन्यांनी, संघटनेकडे पाठवावी असं त्यात ठरलं. त्या परिषदेत हिंदुस्थानच्या कामगारांच्या बाजूने बसले होते नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, मुंबईच्या चाळींत सोशल सर्व्हिस लीगचं काम करणारे. परदेशातून परतल्यावर पुढच्याच वर्षी देशातल्या कामगार संघटनांची पहिली मध्यवर्ती सभा, आयटक, मुंबईत स्थापन झाली आणि तिच्या उभारणीत जोशी होते. मुंबई सरकारनेही १९२१मध्ये मजूर कार्यालय सुरू करून स्वतःचं ‘लेबर गॅझेट’ काढायला घेतलं. गिरणगावातल्या मजुरीचे आणि महागाईचे आकडे दरमहा छापायची रीत तेव्हापासूनची.

मारीएंताल: आकड्यामागची माणसं

मग महामंदी आली. जर्मनीत १९३२च्या फेब्रुवारीत नोंदलेल्या बेकारांची संख्या ६० लाखांच्या वर गेली. रोजगार कार्यालयांपुढच्या रांगांची छायाचित्रं त्या काळाची खूण होऊन बसली. पण एवढा मोठा आकडा माणसाला आतून काय करतो हे त्यातून कळत नव्हतं. ते कळलं व्हिएन्नाजवळच्या एका छोट्या गावामुळे.

मारीएंताल हे गाव एका कापड गिरणीच्या आधाराने वसलं होतं. गिरणी १९२९पासून टप्प्याटप्प्याने बंद होत गेली आणि गावातल्या ४७८ कुटुंबांपैकी बहुतेकांचं काम गेलं. व्हिएन्नातल्या तरुण संशोधकांना, मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांना, खरं तर कामगारांच्या फावल्या वेळाचा अभ्यास करायचा होता. समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी त्यांना सुचवलं की सक्तीचा फावला वेळ ज्यांच्या वाट्याला आला आहे त्या बेकारांचाच अभ्यास करा. १९३१-३२च्या हिवाळ्यात ही मंडळी मारीएंतालला गेली.

त्यांनी जे मोजलं तसं त्याआधी कुणी मोजलं नव्हतं. घरोघरी काय शिजतं, मुलं डब्यात काय नेतात, नाताळसाठी मुलांनी काय मागितलं, पुरुष दिवसाचा वेळ कसा काढतात याचे तक्ते त्यांनी भरून घेतले. गावाच्या वाचनालयाची वर्गणी माफ झाली होती आणि वेळ हवा तेवढा होता, तरी नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. खिडकीआड घड्याळ घेऊन बसून त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांची चालही मोजली. पुरुष हळू चालत, वाटेत पुनःपुन्हा थांबत. बायका भरभर जात, कारण गिरणी बंद पडली तरी त्यांचं घरातलं काम बंद पडलं नव्हतं. बेकारीतून बंड उसळेल असं त्या काळातल्या अनेकांना वाटत होतं. मारीएंतालमध्ये दिसली ती खचत जाणारी, हळूहळू अपेक्षाच सोडून देणारी माणसं.

या अभ्यासाचा एक नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गावात कुणीही नुसतं निरीक्षक म्हणून राहायचं नाही. प्रत्येकाने गावाच्या उपयोगाचं काही तरी करायचं. त्यांनी कपडे गोळा करून वाटले, दवाखाना चालवला, मुलींसाठी शिवणाचे आणि व्यायामाचे वर्ग घेतले. पुस्तक १९३३मध्ये निघालं, नेमकं हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी. याहोडाला पुढे १९३६मध्ये ऑस्ट्रियात अटक झाली आणि १९३७मध्ये ती इंग्लंडला निघून गेली. मोजणारा मोजल्या जाणाऱ्याचं काही देणं लागतो, हा विचार मात्र तिच्या पुढच्या सगळ्या कामात टिकून राहिला.

कोळसा, पोलाद आणि कलम ५६

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपची जी नवी बांधणी सुरू झाली, तिच्या पायाशीच नोकरी जाण्याचा प्रश्न होता. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसमध्ये कोळसा-पोलाद समुदायाचा करार केला. नवं तंत्र आलं की जुन्या, कमकुवत खाणी मरणार, हे करार लिहिणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून त्यात कलम ५६ घातलं गेलं. बदलामुळे ज्यांचं काम जाईल त्यांना नवं काम मिळेपर्यंत भत्ता, नवं कौशल्य शिकवण्याचा खर्च आणि घर हलवावं लागलं तर त्याचा खर्च समुदायाच्या निधीतून देता येईल. अट अशी, की संबंधित देशाच्या सरकारनेही तेवढाच वाटा उचलायचा.

या कलमाची खरी कसोटी बेल्जियममध्ये लागली. तिथल्या दक्षिणेकडच्या खाणी जुन्या, खोल आणि महागड्या होत्या. त्यांत इटलीहून आलेले कामगार मोठ्या संख्येने राबत. मार्सिनेलच्या खाणीत ऑगस्ट १९५६मध्ये लागलेल्या आगीत २६२ माणसं गेली आणि त्यातली निम्म्याहून अधिक इटालियन होती. दोनच वर्षांत तेलाने आणि स्वस्त आयात कोळशाने बाजार बदलला, खाणींच्या तोंडाशी कोळशाचे ढीग साचले. १९५९च्या फेब्रुवारीत बोरिनाज भागातले खाणकामगार बंदीविरुद्ध संपावर गेले. कलम ५६ मुळात नव्या तंत्राच्या परिणामांसाठी लिहिलं होतं. १९६०मध्ये ते रुंद करून बाजारातल्या उलथापालथीलाही लागू करण्यात आलं.

मदत द्यायची तर यादी हवी: कोणती खाण कधी बंद होणार, किती माणसं, कोणत्या वयाची, जवळपास दुसरं काम आहे का. युरोपच्या पातळीवर ‘या बदलाने कुणाची नोकरी जाईल’ हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारला गेला तो इथे. पण तो फक्त दोन उद्योगांपुरता. कापड, जहाजबांधणी, रसायनं यांत जे चाललं होतं त्याची अशी यादी कुणाकडे नव्हती.

स्वस्त कोण पडेल?

ती उणीव उघड केली १९७३मध्ये अ‍ॅक्झो या डच-जर्मन रसायन कंपनीने. तिला सुमारे ५,००० माणसं कमी करायची होती आणि तिचे कारखाने अनेक देशांत होते. कोणत्या देशात माणसाला काढणं स्वस्त पडतं याचा हिशेब करून जिथे खर्च कमी, तिथे कपात करायची असा तिचा बेत होता. एका देशात कामगाराला कायद्याने जे संरक्षण मिळालं होतं, त्यामुळेच शेजारच्या देशातल्या कामगाराच्या मानेवर सुरी येत होती. हे पाहून समान किमान नियम हवेत ही मागणी जोर धरू लागली.

१७ फेब्रुवारी १९७५ रोजी युरोपीय समुदायात सामूहिक नोकरकपातीविषयीचं निर्देशपत्र, म्हणजे सगळ्या सभासद देशांना बांधील असा नियम, संमत झालं. कपात किती मोठी असली म्हणजे ती ‘सामूहिक’ धरायची याच्या मर्यादा त्यात आकड्यांत दिल्या. उदाहरणार्थ, ३०० किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी ३० दिवसांत ३० माणसं. अशा वेळी मालकाने आधी कामगार प्रतिनिधींशी सल्लामसलत करायची, सरकारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, आणि कळवल्यापासून साधारण ३० दिवस कपात अंमलात आणायची नाही. ते ३० दिवस दुसरा मार्ग शोधण्यासाठी. संख्येची एक रेषा ओलांडली की मालकावर कर्तव्य येतं, अशी ही पहिली युरोपव्यापी तरतूद. आजच्या नोंदवहीतली मर्यादांची कल्पना याच घराण्यातली आहे.

त्याच वर्षी, २६ मे १९७५ रोजी, राहणीमान आणि कामाची परिस्थिती सुधारण्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन करण्याचा नियम झाला. सरकारं, मालक आणि कामगार संघटना या तिघांच्या प्रतिनिधींनी ते चालवायचं आणि जागा द्यायची दोनच वर्षांपूर्वी समुदायात आलेल्या आयर्लंडमध्ये. हेच आजचं युरोफाउंड. नोंदवही मात्र तेव्हा नव्हती. ती यायला आणखी एक पाव शतक आणि बेल्जियममधला आणखी एक बंद कारखाना लागला.

एका तासाची व्याख्या

मधल्या काळात बेकारी मोजण्याची दुसरी वाट तयार झाली. कार्यालयातली नोंद देशागणिक वेगळी पडते, कारण ती भत्त्याच्या नियमांवर अवलंबून असते. नियम बदलला की बेकारांची संख्या बदलते. ब्रिटनने १९८२मध्ये नोंदणी केलेल्यांऐवजी भत्ता घेणाऱ्यांची मोजणी सुरू केली आणि आकडा एकदम खाली आला. म्हणून घरोघरी जाऊन नमुना पाहणी करण्याकडे कल वाढला. समुदायाच्या सहा देशांत अशी पहिली पाहणी १९६०मध्ये झाली, पुढे ती नियमित होत गेली आणि १९९८पासून तिमाही झाली.

सगळ्या देशांना एकच व्याख्या लागू पडावी म्हणून १९८२मध्ये आंतरराष्ट्रीय सांख्यिकीतज्ज्ञांनी ठराव केला. पाहणीच्या आठवड्यात ज्याने एक तासही मोबदल्यासाठी काम केलं तो कामावर. ज्याच्याकडे काम नाही, जो काम शोधतो आहे आणि मिळालं तर करायला तयार आहे, तो बेकार. बाकीचे मनुष्यबळाच्या बाहेर. तुलनेसाठी ही व्याख्या उपयोगी आहे. पण आठवड्यात पाच तास काम मिळणारा कामावर धरला जातो, आणि शोधून शोधून थकलेला माणूस बेकारांतूनही वगळला जातो. मारीएंतालचे खचलेले पुरुष या व्याख्येत कुठेच सापडले नसते.

व्हिलव्होर्ड

२७ फेब्रुवारी १९९७, गुरुवार. रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीने ब्रुसेल्समध्ये पत्रकारांना सांगितलं की ब्रुसेल्सच्या वेशीवरचा व्हिलव्होर्डचा कारखाना जुलैअखेर बंद होईल. ३,१०० माणसांचं काम जाणार होतं. कारखाना मोडकळीला आलेला नव्हता. कामगारांनी पाळ्यांच्या वेळांत लवचीकता मान्य केली होती, गुणवत्तेबद्दल तक्रार नव्हती. बंदीचा निर्णय कामगारांच्या प्रतिनिधींशी आधी बोलणी न करता झाला होता. सामूहिक कपातीचं निर्देशपत्र होतं, १९९४पासून बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी युरोपीय कामगार समितीचा नियम होता, तरीही कामगारांना बंदी कळली ती बातमीतूनच. बेल्जियमचे पंतप्रधान ज्याँ-ल्युक देहान यांचं घरही याच परिसरात होतं.

कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला आणि तयार गाड्या आतच अडवून ठेवल्या. ७ मार्चला बेल्जियम, फ्रान्स आणि स्पेनमधल्या रेनॉच्या कामगारांनी एकाच दिवशी काम थांबवलं. एका कंपनीतले अनेक देशांचे कामगार असे एकत्र संपावर गेले याची तेव्हा ‘युरोसंप’ म्हणून चर्चा झाली. १६ मार्चला ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर हजारोंचा मोर्चा निघाला. एप्रिलमध्ये ब्रुसेल्स आणि फ्रान्समधल्या नाँतेर इथल्या न्यायालयांनी सांगितलं की माहिती देण्याचं आणि सल्लामसलतीचं कर्तव्य कंपनीने पाळलेलं नाही. न्यायालयात कामगार जिंकले, कारखाना तरीही बंद झाला.

पण ते आंदोलन वाया गेलं असं मी म्हणणार नाही. बेल्जियमने फेब्रुवारी १९९८मध्ये सामूहिक कपातीवर कडक कायदा केला, त्याला आजही सगळे ‘रेनॉ कायदा’ म्हणतात. आधी मालकाने बेत जाहीर करायचा, मग कामगारांचे प्रश्न आणि पर्यायी सूचना ऐकायच्या, त्यांना उत्तरं द्यायची आणि त्यानंतरच निर्णय घ्यायचा, असा क्रम त्यात घालून दिला आहे. युरोपच्या पातळीवर नोव्हेंबर १९९७मध्ये लक्झेंबर्गला रोजगारावर खास शिखर बैठक झाली. औद्योगिक बदलांचे सामाजिक परिणाम तपासायला व्होल्व्होचे माजी प्रमुख पेर युलेनहामर यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमण्यात आला. वर्षभराने आलेल्या त्याच्या अहवालात एक सूचना अशी होती, की बदलांवर सतत नजर ठेवणारं एक युरोपीय केंद्र हवं. २००१मध्ये ते केंद्र डब्लिनच्या युरोफाउंडमध्ये सुरू झालं आणि पुढच्या वर्षी नोंदवही उघडली.

त्याच सुमारास दुसरा धक्का बसला. २९ मार्च २००१ रोजी मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीने युरोप खंडातली आपली सगळी दुकानं बंद करत असल्याचं अचानक जाहीर केलं. पॅरिसमधल्या कर्मचाऱ्यांचा संताप मोठा होता. कामगारांना माहिती देण्याविषयीचं, वर्षानुवर्षं अडलेलं निर्देशपत्र मार्च २००२मध्ये संमत झालं, त्यामागे व्हिलव्होर्ड आणि ही दुकानं दोन्ही होती.

बोखुम ते जुकू

नोंदवहीचा खरा उपयोग एकेका नोंदीपेक्षा नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्यावर कळतो. नोकियाने १५ जानेवारी २००८ रोजी जर्मनीतल्या बोखुमचा मोबाइल फोनचा कारखाना बंद करण्याची घोषणा केली. सुमारे २,३०० नोकऱ्या गेल्या. काम रोमेनियातल्या क्लुझजवळच्या जुकू गावी गेलं. जुकूला सुगीचे दिवस आल्यासारखं वाटलं. मग आयफोन आणि अँड्रॉइडच्या लाटेत नोकियाचा बाजार आटला आणि सप्टेंबर २०११मध्ये जुकूचा कारखानाही बंद होणार असं जाहीर झालं. तिथल्या सुमारे २,२०० नोकऱ्या गेल्या. २००८मध्ये ‘रोमेनियन लोकांनी आमचं काम नेलं’ असं जर्मनीत बोललं जात होतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की दिसतं, दोन्ही गावांचा दुखवटा एकच आहे.

अशा वेळी पैशाची सोय म्हणून डिसेंबर २००६मध्ये युरोपीय संघाने जागतिकीकरण समायोजन निधी उभारला. मोठी कपात झाली की काढलेल्या माणसांच्या प्रशिक्षणासाठी, काम शोधायला मदतीसाठी, स्वतःचा धंदा सुरू करण्यासाठी यातून पैसे मिळतात. बोखुमच्या कामगारांना तो मिळाला. आयर्लंडमधल्या लिमरिकचा कारखाना डेलने २००९मध्ये पोलंडला हलवला तेव्हा तिथल्या कामगारांनाही मिळाला. सुरुवातीला किमान १,००० माणसांची कपात ही अट होती. मंदीत ती ५००वर आणली गेली आणि २०२१पासून २००वर आली. मर्यादेचा आकडा खाली आला तसतशी मदतीच्या दारात अधिक माणसं येऊ शकली.

२००८ची मंदी ही नजर ठेवण्याच्या सगळ्या साधनांची परीक्षा होती. स्पेन आणि ग्रीसमध्ये २०१३ साली दर चार माणसांत एकाहून अधिक बेकार होता आणि तरुणांत तर निम्म्याहून अधिक. जर्मनीत मात्र उत्पादन कोसळूनही बेकारी फारशी वाढली नाही. तिथे ‘कुर्त्सआर्बाइट’ नावाची जुनी सोय आहे, जिची मुळं १९१०मधल्या पोटॅश उद्योगाच्या कायद्यापर्यंत जातात. कारखान्याने माणसाला काढायचं नाही, तास कमी करायचे, गेलेल्या तासांच्या मजुरीचा मोठा भाग सरकारी विमा देतो. २००९च्या उन्हाळ्यापूर्वी सुमारे १५ लाख कामगार या सोयीवर होते.

युरोफाउंडच्या अभ्यासकांनी त्या मंदीत आणखी एक प्रश्न विचारला: गेलेल्या नोकऱ्या कोणत्या दर्जाच्या होत्या? प्रत्येक नोकरी म्हणजे एका क्षेत्रातला एक व्यवसाय असं धरून त्यांनी त्या सगळ्या पगाराच्या उतरंडीने पाच थरांत मांडल्या. दिसलं असं, की २००८नंतर सर्वाधिक मार बसला मधल्या थराला, म्हणजे कारखान्यातल्या आणि बांधकामावरच्या नोकऱ्यांना. वरच्या थरातल्या नोकऱ्या टिकल्या, काही ठिकाणी वाढल्याही. शिक्षण बेताचं असूनही अंगातल्या कसबावर कुटुंब नीट चालवता येईल अशी नोकरी नाहीशी होत चालली होती. नुसत्या बेकारीच्या टक्केवारीतून हे कधीच दिसलं नसतं.

२०२०ची उलटी टक्केवारी

मग कोविडची साथ आली. मार्च-एप्रिल २०२०मध्ये इटलीत सगळं बंद होतं, आणि त्याच काळात इटलीचा बेकारीचा दर खाली आला. लोक घराबाहेर पडून काम शोधू शकत नव्हते, आणि न शोधणारा माणूस व्याख्येनुसार बेकार नसतो. युरोपने या वेळी घाई केली ती चांगल्या अर्थाने. कमी तासांच्या योजनांसाठी देशांना स्वस्त कर्ज देणारी ‘शुअर’ नावाची सोय मे २०२०मध्ये झाली, मर्यादा १०० अब्ज युरोंची, आणि १९ देशांनी तिचा लाभ घेतला. जर्मनीची जुनी कल्पना सगळ्या युरोपची झाली. युरोफाउंडने एप्रिलमध्येच इंटरनेटवरून लोकांना थेट विचारायला सुरुवात केली: घरखर्च भागतो का, तीन महिन्यांनी नोकरी असेल असं वाटतं का, मन कसं आहे. हे प्रश्न वाचताना मारीएंतालच्या तक्त्यांशी त्यांचं नातं स्पष्ट दिसतं.

वहीत न मावणारं

या सगळ्या वाटचालीनंतरही नोंदवहीला मोठी गाळणी आहे. शंभरापेक्षा कमी माणसांची कपात सहसा तिच्यात येत नाही. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारी बारा-पंधरा छोटी वर्कशॉपं त्याच्याबरोबर बुडतात, त्यांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत, म्हणून वहीतही येत नाहीत. कंत्राटी माणसाचं कंत्राट नुसतं वाढवलं नाही, तर ती कपातही मानली जात नाही. शिवाय वही घोषणा नोंदवते, त्यानंतर प्रत्यक्ष काय झालं ते नाही.

आणि निर्णय करणारे आता फार दूर बसतात. वेल्समधल्या पोर्ट टालबटची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझवण्यात आली. तिथे विजेची भट्टी येणार आहे, प्रदूषण घटणार आहे, पण ब्रिटनमधल्या २,८००पर्यंत नोकऱ्यांवर पाणी सोडावं लागेल असं जानेवारीतच जाहीर झालं होतं. ही कंपनी टाटा स्टील, २००७मध्ये कोरस विकत घेऊन युरोपात उतरलेली, आणि तिचं मुख्य कार्यालय मुंबईच्या फोर्टमधल्या बॉम्बे हाउसमध्ये. वेल्समधल्या एका गावाचं भविष्य आज आपल्या शहरातल्या एका इमारतीशी जोडलेलं आहे. तेव्हा हा प्रश्न ‘त्यांचा’ म्हणून बाजूला ठेवण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही.

बेल्जियममध्येही मालिका थांबलेली नाही. अँटवर्पचा ओपेलचा कारखाना २०१०मध्ये, गेंकचा फोर्डचा २०१४मध्ये आणि ब्रुसेल्सचा ऑडीचा २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बंद झाला. शेवटच्या वेळी सुमारे ३,००० माणसं होती. या वेळी रेनॉ कायद्याप्रमाणे बोलणी झाली, कामगारांना महिनोन्‌महिने आधी कळलं, भरपाईवर घासाघीस करायला वेळ मिळाला. कारखाना वाचला नाही, पण रात्रीत रस्त्यावर येण्याची पाळी कुणावर आली नाही. पाऊण शतकाच्या या प्रयत्नांची खरी कमाई ही आहे आणि ती लहान नाही.

आता पुढचं काम उरलं आहे ते माणसाच्या मागोमाग जाण्याचं. इंग्लंडमधल्या लाँगब्रिजचा एमजी रोव्हर कारखाना एप्रिल २००५मध्ये बुडाला आणि सुमारे ६,००० माणसं बाहेर पडली. अभ्यासकांनी त्यांच्यातल्या अनेकांना पुढची काही वर्षं गाठून विचारलं. बहुतेकांना काम मिळालं होतं, पण बऱ्याच जणांना आधीपेक्षा कमी पगारावर आणि आपल्या कसबाचा उपयोग नसलेल्या ठिकाणी. बेकारीच्या आकड्यात ही माणसं ‘सुटलेला प्रश्न’ म्हणून दिसत होती. असे पाठपुरावे आजही तुरळक होतात, एखाद्या विद्यापीठाला निधी मिळाला तर. ते नोंदवहीचाच भाग असायला हवेत. प्रत्येक मोठ्या कपातीनंतर एक, तीन आणि पाच वर्षांनी त्या माणसांना विचारलं जावं: काय काम करता, किती मिळतं, तब्येत कशी आहे, गाव सोडावं लागलं का. हे विचारण्याचा खर्च कपात करणाऱ्या कंपनीने आणि सरकारने मिळून उचलावा, जसा कोळशाच्या काळात निम्मा-निम्मा उचलला गेला. आणि उत्तरं वाईट आली तर मदत पुन्हा सुरू व्हावी, असा नियमही सोबत असावा. नोकरी गेल्याची तारीख लिहिणं आता युरोपला नीट जमतं. तिथे हिशेब बंद करायचा की उघडा ठेवायचा, हे पुढच्या कायद्यांनी ठरवायचं आहे, आणि तो उघडा ठेवण्याची मागणी कामगारांनी, त्यांच्या संघटनांनी आणि आपल्यासारख्या वाचणाऱ्यांनीही लावून धरायला हवी.